हूऱ्यातली अंबाडी

बहारीनमध्ये असं एकही झाड नसेल, ज्याचं पान आमच्या साडूंनी उलटं करून बघितलेलं नाही. मीना सलमान बंदराच्या गोदामांमागे धूळ खात उभे असलेले कडुनिंब, साडू राहतात त्या हूऱ्यातल्या सलूनच्या दारातला मनीप्लांट, आमच्या बँकेच्या जिन्यातली ती कायम मरायला टेकलेली कुंडी, सगळ्यांची त्यांनी तपासणी केलेली आहे आणि सगळ्यांमध्ये काही ना काही कमी निघालेलं आहे. आपण कोणाकडे गेलो की आधी चपला काढतो. साडू आधी दारातल्या कुंडीतलं पान धरतात, खिशातलं भिंग काढतात, डोळे बारीक करून बघतात, मान हलवतात, आणि मग चपला काढतात. आमच्या मुलीच्या बारशाला त्यांनी पाळण्यात एक नजर टाकली, "बाळ छान आहे" म्हणाले आणि लगेच मला बाजूला घेऊन गंभीरपणे सांगितलं, "साडूबुवा, पण तुमच्या तुळशीत नत्र कमी आहे." बाळाचं नाव काय ठेवलं हे त्यांनी पुढच्या महिन्यात विचारलं.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. जहाजं दुरुस्त करायच्या कारखान्यात वेल्डिंगचे सांधे तपासायचं त्यांचं काम आहे. दिवसभर लोखंडात केसाएवढी चीर शोधायची, सापडली की खडूने गोल करायचा आणि शिफ्ट संपली की घरी यायचं. अशा माणसाचे डोळे घरी आल्यावर सुट्टी घेत नाहीत. ते भिंग कारखान्याचंच, त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम असतं, आणि त्यातून ते माणसंही बघतात. एकदा मी चहाचा कप पुढे केला तर त्यांनी कप राहू दिला आणि माझं बोट धरलं. नखावरचे पांढरे ठिपके बघून म्हणाले, "जस्त कमी पडतंय तुम्हाला." मी तीळ खायला लागलो. आता ठिपके गेले आहेत, हे मी त्यांना मुद्दामच सांगितलेलं नाही.

त्यांच्या मते आख्ख्या बहारीनमध्ये निरोगी झाड एकच निघालं. झल्लाकच्या एका मोठ्या हॉटेलात आम्ही दोन्ही कुटुंबं जेवायला गेलो होतो. स्वागतकक्षात एक पुरुषभर उंचीचं झाड होतं. साडू त्याच्यापाशी गेले ते परत येईनात. मी बोलवायला गेलो तर त्यांचे डोळे पाणावलेले. "उभ्या आयुष्यात असं झाड बघितलं नाही हो. नत्र पुरेसं, लोह पुरेसं, कडा बघा कशा एकसारख्या. कोण बघतं याचं, त्याला भेटलं पाहिजे." तेवढ्यात हॉटेलचा एक माणूस आला, त्याने ते झाड एका हाताने उचलून काखेत मारलं आणि फडक्याने खालची फरशी पुसली. साडू क्षणभर बघत राहिले. मग म्हणाले, "मुळंच नाहीत. मग कमी कसली पडणार." आणि शांतपणे जेवायला येऊन बसले.

हे सगळं हसण्यावारी चाललेलं असताना आमचे सासरे गेले, आणि जालन्याला आई, म्हणजे आमच्या सासूबाई, जेवेनाशा झाल्या. आजार म्हणावा तर काही नव्हता. ताट पुढ्यात आलं की चार घास खायच्या आणि सरकवून ठेवायच्या. फोनवर विचारलं की "जेवले की", आणि मागून मेव्हणा हळूच सांगायचा, "काही जेवली नाही." दोघी बहिणी इकडे रडकुंडीला आल्या. चार महिने बहारीनला या म्हणून रोज मागे लागायच्या. आई रोज नवीन कारण काढायच्या. एक दिवस त्या म्हणाल्या, "तुमच्या त्या वाळवंटात मी खाऊ काय? अंबाडी तरी भेटती का तिथं?" फोन स्पीकरवर होता. दोघी बहिणींनी एकमेकींकडे बघितलं. आणि कोपऱ्यात पान तपासत बसलेले साडू मान वर न करता म्हणाले, "भेटते, आई. या तुम्ही."

आता या वाक्याचं वजन कळायला थोडं मागे जावं लागेल. साडू लग्नानंतर पहिल्या सणाला सासरी गेले तेव्हा आईंनी मोठ्या हौसेने अंबाडीची भाजी केली होती, तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून, वरून लसणाची फोडणी. आणि या गृहस्थांनी एक घास खाऊन ताटात तशीच ठेवली. म्हणाले, "आंबट आहे, मला पित्त होतं." झालं. तेव्हापासून आई त्यांच्याशी कधी वावगं बोलल्या नाहीत, पण कौतुकाचंही बोलल्या नाहीत. मला त्या "जावईबापू" म्हणतात, त्यांना नुसतंच "अहो". तीस वर्षं हा माणूस "अहो"वर आहे. आणि त्याच माणसाने आता अंबाडी मिळते म्हणून सांगून टाकलं होतं.

ती मिळत नव्हती. म्हणजे हूऱ्याच्या दुकानात लाल देठाची मिळते, आंध्रातले लोक नेतात ती. साडूंनी दुसऱ्याच दिवशी जुडी आणली. ताईने, म्हणजे साडूंच्या बायकोने, देठ बघितला आणि म्हणाली, "आई ही हातात पण धरायची नाही. आपली हिरव्या देठाची." आणि मग रडायलाच लागली, कारण आईंनी तोवर यायला होकार दिला होता. साडूंनी जुडी खाली ठेवली. कारखान्यातला नांदेडचा एक फिटर सुट्टीवर गेला होता, त्याच्याकडून हिरव्या अंबाडीचं बी मागवलं आणि ऊन जरा उतरल्यावर गॅलरीत सात कुंड्या लावल्या. आई थंडीत येणार होत्या. तोवर भाजी ताटात पडली पाहिजे, एवढाच हिशोब होता. नाहीतर आई ताट सरकवणार, आणि पुढच्या विमानाने परत जातो म्हणणार, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

नळाचं पाणी इथे खारट, म्हणून साडूंचा नियम असा की झाडाला फक्त एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी घालायचं. त्यांच्या घरी पाहुण्याला बसायला खुर्ची मिळायची नाही, पण पाण्याने भरलेली बादली प्रत्येक खोलीत. वरच्या मजल्यावर रत्नागिरीकडचे एक चाचा राहतात, मसाल्याचे व्यापारी. साडूंनी त्यांच्या एसीची नळीसुद्धा लांब करून खाली आपल्या पिंपात आणून सोडली. थंडी सुरू झाली, इमारतीतले सगळे एसी बंद झाले आणि पिंप कोरडं पडलं, तेव्हा साडू वर गेले आणि आईंचा सगळा किस्सा चाचांना सांगून आले. चाचा भला माणूस. मी एकदा वर गेलो तर चाचा हातमोजे, स्वेटर आणि कानटोपी घालून, एसी सोळावर ठेवून टीव्ही बघत बसलेले. मला म्हणाले, "काय करनार? तुमच्या सासूबायच्या भाजीला पानी पायजे ना." चाची आतल्या खोलीत गोधडीत होत्या.

एवढं करून अंबाडी पिवळी पडायला लागली. खालची पानं आधी, मग मधली. साडूंनी भिंग काढलं, नत्र म्हणाले आणि शेंगदाण्याची पेंड भिजवून तिचं पाणी घातलं. त्या वासाने ताई हॉलमध्ये बसेना. पानं आणखी पिवळी झाली. मग लोह म्हणाले, कारखान्यातले गंजके खिळे आणून कुंड्यांत खोचले. काहीच उपयोग नाही. पानाच्या शिरा हिरव्या आणि मधलं सगळं पिवळं, अशी ती सात झाडं गॅलरीत उभी. साडूंचं जेवण कमी झालं. शुक्रवारी मी गेलो तर जमिनीवर बसून होते. एक पान हातात धरून म्हणाले, "तुम्हाला माहीत आहे का, जुनं पान का पिवळं पडतं? झाडाला बाहेरून मिळेनासं झालं की जुनं पान स्वतःतलं काढून नव्या पानाला देतं. शेवटपर्यंत देतं." स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. ताई दारात येऊन उभी राहिली होती. तिला आईच आठवली असणार, मलाही आठवल्या.

मग साडूंना गुरू भेटला. मला त्यांनी फोन करून बोलावून घेतलं. "साडूबुवा, परदेशात अंबाडीवर केवढा अभ्यास चाललाय, आपल्याला पत्ता नाही. पिवळ्या पानाचा फोटो टाकून शोधलं, तर एक माणूस सापडलाय. त्याचं इंग्रजी जरा नाकातलं आहे, तुम्ही बँकेतले, मला सांगा काय म्हणतो." ते त्याचे व्हिडिओ आठवडाभर आवाज अगदी बारीक करून बघत होते, कारण ताईची मालिका चालू असायची. फोन माझ्यापुढे धरून ते कौतुकाने एकेक दाखवायला लागले. "बघा, कुंडी कपाटात ठेवतो, कोणाची दृष्ट लागू नये म्हणून. कपाटात दिवे लावलेत. डोळे बघा किती लाल झालेत, झोपतच नसणार. आणि झाडांना काय म्हणतो माहीत आहे? मुली. माझ्या मुली म्हणतो हो." पडद्यावर कमरेपर्यंत केस वाढवलेला एक गोरा गृहस्थ होता. त्याच्या मागे हिरवीगार, पाच बोटांची, कातरलेल्या कडांची पानं डोलत होती. अगदी अंबाडीसारखी. पण ती अंबाडी नव्हती. तो गांजा होता.

या देशात त्या विषयावर थट्टासुद्धा चालत नाही. नोकरी, व्हिसा, रेसिडेन्स कार्ड, सगळं एका दिवसात खलास. आणि साडूंसारखा साधा माणूस, ज्याला चहासुद्धा कडक चालत नाही, तो गॅलरीत तशाच पानांची सात झाडं लावून बसलेला. क्षणभर मला भलतीच शंका आली. नांदेडच्या फिटरने बी नक्की कसलं दिलं? मी पाणी प्यायचं निमित्त करून गॅलरीत गेलो, एक पान तोडलं आणि चावलं. आंबट होतं. स्वच्छ, दात आंबवणारं आंबट. इतक्या आनंदाने मी आयुष्यात काही चावलेलं नाही. आणखी दोन पानं खाऊन मी परत आत आलो आणि भाषांतराला बसलो.

आणि गंमत अशी की तो केसाळ गृहस्थ खरोखर अभ्यासू होता. त्याच्या हातात जे पान होतं ते हुबेहूब आमच्या पानासारखं, शिरा हिरव्या आणि मध्ये पिवळं. त्याचं म्हणणं, हे नत्र नाही, लोहही नाही, लोह कमी पडलं तर वरची कोवळी पानं आधी जातात. हे मॅग्नेशियम. आणि खूप शुद्ध पाणी घालणाऱ्या हौशी लोकांच्या झाडांना हे हमखास होतं, कारण त्या पाण्यात काहीच नसतं. मी एवढं सांगितलं, बाकीचं गाळलं. साडूंनी पिंपाकडे बघितलं, छताकडे बघितलं आणि म्हणाले, "म्हणजे माझंच चुकलं. एसीचं पाणी." तसेच उठून ते वर चाचांना सांगायला गेले. चाचांनी सगळं ऐकून घेतलं, कानटोपी काढली आणि एवढंच विचारलं, "म्हंजे आमी एवढे दिस कुडकुडलो, ता कशाला वो?"

उपाय होता एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियमचं मीठ, जे औषधांच्या दुकानात जुलाबासाठी मिळतं. मी बरोबर होतो म्हणून बरं. दुकानातल्या केरळी गृहस्थांनी विचारलं, किती पाहिजे, कोणासाठी. साडू गुरूच्या नादाने आता झाडांना मुलीच म्हणायला लागले होते. ते म्हणाले, "घर में सात लड़कियाँ हैं. सब पीली पड़ गयी हैं, नीचे से." त्या भल्या माणसाने चष्मा काढला. "डॉक्टर को दिखाया?" साडू म्हणाले, "डॉक्टर ने ही बोला, वीडियो में. पानी में मिलाके ऊपर से छिड़कना है." मी मध्ये पडून सगळं उलगडून सांगितलं, तरी बाहेर पडताना तो आमच्याकडे बघतच होता. एसीच्या पाण्यात निम्मं नळाचं पाणी, आणि आठवड्यातून एकदा पानांवर चिमूटभर त्या मिठाचा फवारा असं सुरू झालं. जुनी पानं फारशी सुधारली नाहीत, पण शेंड्याकडून जे नवीन आलं ते असं हिरवं आलं की साडूंनी आनंदाने फोटो काढला आणि इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकायला निघाले. मी अक्षरशः झडप घातली. त्या पानाचा फोटो साडेतीनशे लोकांत गेला असता तर मुली राहिल्या बाजूला, पोलीस बापालाच घेऊन गेले असते. खरं कारण सांगवेना. मी म्हटलं, "दृष्ट लागेल." त्यांना ते ताबडतोब पटलं.

आई आल्या. वाळलेल्या दिसत होत्या. पहिले दोन दिवस तेच, चार घास आणि ताट बाजूला. शुक्रवारी सकाळी साडूंनी त्यांना काही न बोलता गॅलरीत नेलं. आई सात कुंड्यांसमोर उभ्या राहिल्या. मग पुढे होऊन त्यांनी एक पान धरलं आणि उलटं करून बघितलं, अगदी साडू बघतात तसं. "हिरव्या देठाची आहे," त्या म्हणाल्या. मग पदर खोचून स्वतःच पानं खुडायला बसल्या. ताईला हात लावू दिला नाही. डाळ, कण्या, लसूण, सगळं स्वतः केलं, आणि सहा महिन्यांनी आमच्या आईंनी दीड भाकरी खाल्ली आणि भाजी दोनदा वाढून घेतली. माझी बायको ताटावरून उठून आत जाऊन रडून आली. आणि साडूंनी, ज्यांना आंबट वर्ज्य, त्यांनी ताट पुढे केलं आणि म्हणाले, "आई, मलाही वाढा." आईंनी वाढली. त्यांनी सगळी खाल्ली, बोटं चाटली, आणि हात धुवायला जाताना खिशातली पित्ताची गोळी गुपचूप घेतली. आई ते बघत होत्या. म्हणाल्या, "जावईबापू, गोळी पाण्यासंग घ्यावं." तीस वर्षांनी हा शब्द आला, आणि आमच्या साडूंना त्याच वेळी ठसका लागला.

आता एवढ्यावर थांबतील तर ते साडू कसले. आईंचा ताटासकट फोटो त्यांनी काढलेलाच होता, लुगड्यात, हातात भाकरी, ताटात हिरवी गच्च भाजी. तो त्यांनी मला न विचारता गुरूच्या पेजवर टाकला, आणि खाली आपल्या कारखान्यातल्या इंग्रजीत लिहिलं: आदरणीय महोदय, आपल्या मार्गदर्शनाने माझ्या मुली पुन्हा हिरव्या झाल्या. माझ्या सासूबाई सहा महिने जेवत नव्हत्या. काल त्यांनी ही पानं शिजवून दोन वेळा वाढून घेतली. आपला आभारी. पुढच्या शुक्रवारी आम्ही सगळे जेवायला बसलेलो असताना साडूंनी अभिमानाने फोन माझ्यापुढे धरला. "वाचा. केवढी आपुलकी आहे बघा लोकांना." शेकडो गंजेडी तिथे जमले होते. एकाने विचारलं होतं, दोन ताटं, एकाच बैठकीत? दुसऱ्याने लिहिलं होतं, आजी आत्ता कोणत्या ग्रहावर आहेत? तिसऱ्याने या आजींचं चित्र दंडावर गोंदवून घेणार असल्याचं जाहीर केलं होतं. मला हसू आवरेना आणि घामही आवरेना. मी साडूंना म्हटलं, "सगळे आईंच्या तब्येतीची चौकशी करतायत."

"आणि खाली बघा," साडू म्हणाले, "खुद्द त्याने लिहिलंय. मोठं आहे. नीट सांगा." मी आधी मनातल्या मनात वाचलं. सगळे माझ्याकडे बघत होते, म्हणून मग एकेक वाक्य मराठीत सांगितलं. त्याने लिहिलं होतं: माझी आई आजारी होती. तिला अन्न जात नव्हतं. तिला दोन घास जावेत म्हणून मी पहिलं झाड लावलं. त्यानंतर तिला जेवण जायचं, थोडं, पण जायचं. ती गेली त्याला बरीच वर्षं झाली. तुमच्या आईंचा फोटो मी पुन्हा पुन्हा बघितला. त्यांना सांगा, एक घास माझ्या आईचा म्हणून खा.

साडूंनी चष्मा पुसला. "मी म्हणत होतो ना, एवढा अभ्यास उगाच नसतो कोणी करत. त्यालाही आईसाठीच अंबाडी लावावी लागली." खरं काय ते सांगायला मी तोंड उघडलं होतं. ते मिटून घेतलं. मला वाटलं, यात चूक दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

आईंचं जेवण झालेलं होतं. त्यांनी विचारलं, "कुठला आहे हा पोरगा?" मी म्हटलं, "लांबचा आहे, आई." त्यांनी ताट पुन्हा जवळ ओढलं, भाकरीचा एक तुकडा मोडला, भाजीवरच्या लसणाच्या तेलात बुडवला आणि सावकाश खाल्ला. "सांगा त्याला," त्या म्हणाल्या, "खाल्ला म्हणून."

मी तसं लिहायला घेतलं. साडू माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. मी पाठवणार तेवढ्यात म्हणाले, "थांबा. खाली एवढं विचारा त्याला, की तुमच्याकडे आता नवी पानं कशी येतायत."